ऑफिसात काय लागतंय?

बाणेरच्या ज्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, तिच्या लॉबीत काळा ग्रॅनाइट आहे, मिरर पॉलिश केलेला. पुण्यात अलीकडे उभ्या राहिलेल्या ऑफिसांच्या इमारतींत तो हमखास असतो. आर्किटेक्टला तो आवडतो, बिल्डरला तो ब्रोशरमध्ये पानभर छापायला आवडतो आणि ऊन असेपर्यंत कुणाची काही तक्रार नसते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मात्र सकाळी नऊ ते साडेदहा तिथं उभं राहून बघावं. वाकडकडून, सूसकडून, पाषाणकडून दुचाकीवर आलेली माणसं आत शिरतात. रेनकोटाच्या पँटचं पाणी बुटांवर, बुटांचं फरशीवर. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात डबा, पाठीला सॅक आणि आयकार्ड दातांत. पाय सटकला तर सावरायला मोकळा असा एकही अवयव नाही.

आणि तिथंच मधोमध आमची पिवळी पाटी. घडीची, प्लास्टिकची, घसरून पडणाऱ्या माणसाचं चित्र असलेली. पावसाळाभर ती जागची हलत नाही, त्यामुळे ती कुणाला दिसतही नाही. मागच्या पावसाळ्यात एक जण पडला, तो ओल्या फरशीमुळे नाही. या पाटीच्या पायात पाय अडकून.

मी अ‍ॅडमिनला आहे. म्हणजे नेमकं काय करतेस, हे नातेवाइकांना समजावून सांगणं मी सोडून दिलंय. खुर्च्या, चहा, पाण्याचे जार, एसीचं तापमान, किल्ल्या, झुरळं. ऑफिसातलं जे जे कॉम्प्युटर नाही ते सगळं माझं. प्रथमोपचाराची पेटीही माझ्याच टेबलामागे, त्यामुळे कुणाला काही लागलं की पहिली बातमी मला. कागदाने चिरलेलं बोट, मायक्रोवेव्हमधल्या वरणाने भाजलेला हात, काचेच्या दारावर आपटलेलं नाक, अर्धवट उघड्या ड्रॉवरने सोललेली नडगी, एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरीत अडखळून फुटलेला गुडघा. शिवाय ज्यांना पट्टी बांधता येत नाही अशी दुखणी: मान, खांदा, मनगट, कंबर. ती माझ्या पेटीकडे येतच नाहीत, थेट रजेच्या अर्जात भेटतात.

आमच्या सासऱ्यांना, अप्पांना, हे सगळं हास्यास्पद वाटतं. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं. पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी पॉवर प्रेस, टनांत मोजायचा तिचा दाब. "ऑफिसात काय लागतंय गं? स्टेपलरची पिन?" असं ते विचारतात आणि विचारताना दोन्ही पंजे पसरून दाखवतात. दहाच्या दहा बोटं शाबूत. त्यांच्या पिढीच्या प्रेसवाल्यांत ही मिरवण्यासारखी गोष्ट आहे, आणि ते मिरवतात.

एकदा मी त्यांना विचारलं, "अप्पा, तुमची बोटं वाचली कशी?" मला वाटलं, आता शिस्त, लक्ष, आमच्या वेळची माणसं वगैरे ऐकावं लागणार. ते म्हणाले, "दोन बटणं आली म्हणून."

आधी प्रेस पायाने चालायची. पेडल दाबलं की वरचा भाग धाडकन खाली. पत्रा सरकवायला हात आत गेलेला असायचा आणि पाय पेडलवर. पायाने हाताची वाट पाहिली नाही की संपलं. भिंतीवर पाट्या होत्या, सुपरवायझर दिवसभर ओरडत होता, तरी बोटं जातच होती. मग मशिनला दोन बटणं बसवली, एकमेकांपासून लांब. दोन्ही तळव्यांनी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही, आणि दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यात, घालायला तिसरा हात आणायचा कुठून? "मशिनला अक्कल दिली," अप्पा म्हणाले. "माणसाला रोज उठून किती देणार?"

गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग अप्पा जरा खालच्या आवाजात सांगतात. काही जण एक बटण काडी खोचून कायमचं दाबून ठेवायचे. का? तर पाळीचा आकडा गाठायला. दोन्ही हात बटणांवर नेऊन परत आणण्यात जो वेळ जायचा, तो त्यांना परवडत नव्हता. मग अशी व्यवस्था आली की प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबावी लागतात. काडी खोचली तर मशीन हलतच नाही. आकडा मात्र तोच राहिला, असंही ते सांगतात.

हे ऐकल्यापासून माझ्या ऑफिसकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. सेफ्टीवाल्यांच्या भाषेत उपायांची एक उतरंड असते. सगळ्यात वर, धोका मुळातच काढून टाका. नाही जमलं तर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणा. तेही नसेल शक्य, तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी आडवं घाला. अप्पांची दोन बटणं या पायरीवरची. त्याच्या खाली नियम, प्रशिक्षण आणि पाट्या. आणि अगदी तळाला हातमोजे, हेल्मेट, गॉगल. म्हणजे पाटीचा नंबर चौथा. पुण्यात हे बोलणं धाडसाचंच, कारण पाटी लिहून झाली की प्रश्न सुटला यावर या शहराची श्रद्धा आहे. 'जिना अरुंद आहे. डोके सांभाळावे. लागल्यास वाद घालू नये.' यातलं तिसरं वाक्य महत्त्वाचं. पाटी पडणाऱ्याला वाचवायला असते असं आपण समजतो. बऱ्याचदा ती लावणाऱ्याला वाचवायला असते.

ऑफिसातही दोन बटणं असतात, फक्त ती कुणी बटणं म्हणून ओळखत नाही. फायलींचं चार ड्रॉवरचं उभं लोखंडी कपाट घ्या. वरचा भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला आणि तो तसाच ठेवून दुसराही ओढला, तर सगळं वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर कोसळतं. म्हणून चांगल्या कपाटात आतून एक पट्टी असते; एक ड्रॉवर उघडा असेल तर बाकीचे उघडतच नाहीत. लोक वैतागतात. "मॅडम, कपाट जॅम झालंय," असा फोन येतो. आमच्या रेकॉर्डरूममधल्या एका जुन्या कपाटाची ही पट्टी पूर्वी कुणीतरी कारागीर बोलावून चक्क काढून टाकली होती. काडी खोचणाऱ्यांचीच ही जात! ते कपाट मी भिंतीला बोल्टने आवळून घेतलं आणि जड फायली सगळ्या तळाच्या ड्रॉवरमध्ये उतरवल्या.

वर्षातला सर्वांत धोक्याचा दिवस कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी खंडेनवमी सांगेन. त्या दिवशी अप्पांच्या कंपनीत मशिनं धुऊन-पुसून त्यांची पूजा व्हायची आणि प्रेस बंद असायची. आमच्याकडे सर्व्हरला हार, प्रिंटरला कुंकू, लॅपटॉपला झेंडू आणि प्रत्येक दाराला तोरण. तोरणाला उंची लागते, आणि ऑफिसात उंची म्हटलं की हाताशी काय येतं? चाकांची खुर्ची. पाच चाकं, गोल फिरणारी बैठक, वर मऊ फोम आणि त्यावर पायमोजे घातलेला अकाउंट्समधला मुलगा. ओठांत सेलोटेपचा तुकडा, दोन्ही हात छताकडे. खाली दोघं खुर्ची धरून उभे, त्यातला एक दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढतोय. गणपतीची आरास, दिवाळीच्या माळा, कुणाच्या तरी निरोपाचे फुगे. हे वर्षभर चालू असतं.

'खुर्चीवर चढू नये' असा मेल सणाच्या दिवशी कोण वाचणार? दारांच्या चौकटींवर कायमचे हुक मारून घेतले आणि टोकाला खाच असलेली एक लांब काठी आणली. तोरण आता खालूनच चढतं. जिथं काठी पोचत नाही तिथं तीन पायऱ्यांची घडीची शिडी. या शिडीची जागा ठरवताना मी बरीच घासाघीस केली. स्टोअरमध्ये कुलूप लावून ठेवली तर किल्ली शोधण्यापेक्षा खुर्ची बरी वाटणारच. ती पँट्रीच्या दाराशेजारी उभी असते, बिनकुलपाची. व्यवस्थापनाला ती तिथं दिसायला वाईट वाटते. असू दे.

लॉबीचा ग्रॅनाइट उखडणं काही माझ्या हातात नव्हतं, इमारत भाड्याची. मालकाशी पत्रव्यवहार करून रॅम्पवरचा दगड तेवढा फ्लेम फिनिश करून घेतला, म्हणजे खरखरीत. बाकी लॉबीसाठी विचार केला तो पाण्याचा. पाणी आतच आलं नाही तर? पोर्चमध्ये रेनकोट टांगायला खुंट्या आणि खाली गटाराची जाळी. दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं, दारातून आत आल्यावर लांबलचक चटई, इतकी लांब की माणसाची चार-पाच पावलं तिच्यावरच पडावीत. छोटं पायपुसणं शोभेचं. त्यावर एकच पाय पडतो, दुसरा ओलाच पुढे जातो. फरशी पुसायची ती ओल्या मॉपनंतर लगेच कोरड्याने. आणि पिवळी पाटी फक्त पुसणं चालू असेपर्यंत, नंतर उचलायची. हे शेवटचं जमवायला सगळ्यात वेळ लागला, कारण पाटी उचलली की हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला धाकधूक वाटायची: आता कुणी पडलं तर? मी म्हटलं, "भाऊ, आत्तापर्यंत पाटी असताना पडत होते ना?"

पडणं, आपटणं, भाजणं यांचं एक बरं असतं. काय झालं ते दिसतं. कंबरेचं, मनगटाचं तसं नाही. तिथं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही आणि कशाने झालं यावर प्रत्येकाचं मत असतं. खुर्चीने, गादीने, वयाने, खड्ड्यांनी. (खड्ड्यांचा वाटा मी नाकारत नाही. हिंजवडीहून येणाऱ्या माणसाच्या कंबरेचा सगळा हिशेब माझ्या खुर्चीच्या नावावर टाकू नये, एवढंच.)

टेस्टिंग टीममधल्या एका मुलीचा उजवा खांदा सारखा दुखायचा. तिला भारीतली खुर्ची दिली होती, मागे जाळी, हाताला टेकू, चार-पाच खटके. तरी दुखणं जाईना. मी घरून शिंप्याची टेप नेली. टेबलाची उंची अडीच फूट, म्हणजे ७६ सेंटिमीटर. पुण्यातला कुठलाही सुतार ऑफिसचं टेबल म्हटलं की न विचारता अडीच फूटच धरतो. ती मुलगी पाच फुटांची. तळवे जमिनीवर नीट टेकतील इतकी खुर्ची खाली घेतली आणि हात सैल सोडून कोपरात वाकवायला सांगितला. कोपर जमिनीपासून ६२ सेंटिमीटरवर. म्हणजे टेबल तिच्या कोपराच्या १४ सेंटिमीटर वर! दिवसभर ती दोन्ही खांदे उचकवून टाइप करत होती. खुर्ची वर घेतली तर हात बरोबर यायचे, पण पाय लोंबकळायचे आणि बैठकीची कड मांडीत रुतून पायाला मुंग्या यायच्या. ती दिवसभर या दोन त्रासांमधला एक निवडत होती, आणि तिला वाटत होतं की आपल्याला नीट बसता येत नाही.

भारतीय बाईची सरासरी उंचीच पाच फुटांच्या आसपास आहे. ती मुलगी काही अपवाद नव्हती. अपवाद टेबल आहे. भारतीय शरीरांची मापं कुणी घेतलीच नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली त्यांचा सविस्तर ग्रंथ काढला. तो आमच्या फर्निचरवाल्यापर्यंत पोचलेला नाही. त्याच्या कॅटलॉगात टेबलं सोळा रंगांत मिळतात, एकाच उंचीत. शेवटी खुर्ची वर आणि पायाखाली लाकडी उतरता पाट. पाट बनवला नाना पेठेतल्या सुताराने, खर्च खुर्चीच्या एका चाकाएवढा. आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी लॅपटॉप देताना मी टेपही घेऊन जाते. लोक हसतात, माप देतात.

ऑफिसांत दरवर्षी एक 'वेलनेस सेशन' होतं. फिजिओथेरपिस्ट येते, चांगलं बोलते, काटकोनात बसलेल्या माणसाचं चित्र दाखवते आणि सगळे चाळीस मिनिटं काटकोनात बसतात. ताठ बसणं आपल्याला शाळेपासून प्रिय. पण २००६ साली स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या डॉक्टरांनी बसलेल्या माणसांचं एमआरआय काढून पाहिलं, तेव्हा कण्याला सगळ्यात कमी त्रास काटकोनात नाही, तर सुमारे १३५ अंशांत मागे रेललेल्या बैठकीत होताना दिसला. लोडाला टेकून बसणाऱ्या आमच्या आजोबांना कुणी कधी ताठ बसा म्हटलं नाही, ते उगीच नाही. तरी याचा अर्थ दिवसभर रेलून बसा असाही नव्हे. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. दाब पडतो, सुटतो, त्या घालमेलीत त्यांना आजूबाजूने पोषण मिळतं. म्हणजे कुठलीही बैठक, कितीही शास्त्रशुद्ध, तासन्‌तास धरून ठेवली की वाईटच. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी शिवाजीनगरच्या आपल्या योगसंस्थेत साधी लोखंडी घडीची खुर्ची आसनांसाठी वापरात आणली. पाठ मागे वाकवायला, खांदे मोकळे करायला, पाय वर टाकायला. मांडवातली तीच खुर्ची. तिच्यावर नुसतं बसून राहणं हा तिचा सगळ्यात गरीब उपयोग असावा, असं ती आसनांची छायाचित्रं पाहून वाटतं.

मनगटाचं दुखणं हा 'आयटीवाल्यांचा आजार' असं म्हणतात. मला ते पटत नाही. इटलीतला रामाझिनी नावाचा वैद्य वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांची दुखणी त्यांच्या कामाशी जोडून पाहायचा. त्यावर त्याने १७०० साली ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत कारकुनांवर एक प्रकरण घातलं. कारकुनांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने न थांबता होणारी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्याच १७१३ साली इकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं, आणि पुढं पुण्यात कारकुनी इतकी फोफावली की तिचे मोडी कागदांचे रुमाल अजून पेशवे दफ्तरात मांडून ठेवलेत. बोरू चालवणाऱ्या त्या बोटांची चौकशी करायला तिथं रामाझिनी नव्हता, इतकंच.

रामाझिनीने एका लेखनिकाची हकिकत दिली आहे. जन्मभर लिहून पोट भरणारा माणूस. त्याचा उजवा हात आधी थकू लागला, कुठलंच औषध लागू पडेना, अखेर हात निकामी झाला. मग तो डाव्या हाताने लिहायला शिकला. काही काळाने डावाही गेला.

ही हकिकत मी वाचली तेव्हा आमच्या पेरोलच्या मुलीने नुकताच माउस डाव्या हातात घेतला होता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या, रात्री जास्त, हात झटकला की जरा बरं. मनगटात हाडांची आणि चिवट पट्टीची एक अरुंद वाट असते. बोटं वाकवणारे नऊ स्नायुरज्जू आणि एक नस, सगळे तिथूनच जातात. वाट रुंदावत नाही. आत सूज आली की दबते ती नस. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांनीही हे होतं, त्यामुळे डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं आणि ते बरोबरच होतं. मग रात्री बांधायला मनगटपट्टी दिली. तीही चांगली. पण महिन्याचा शेवटचा आठवडा आला की पगारासाठी हजेरीचे आकडे एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये हाताने उतरवायचे, हे चालूच होतं. आकडा चुकला तर कुणाचा तरी पगार चुकणार, हा ताण वेगळा. रामाझिनीची तिन्ही कारणं हजर.

तिला व्यायाम सांगून झाले, माउस बदलून झाला, जेलचं पॅड आणून झालं. शेवटी मी आयटीच्या मुलाला म्हटलं, हजेरीच्या मशिनमधले आकडे थेट तिच्या फाइलमध्ये नाही का येणार? त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "येतील की. कुणी सांगितलंच नाही." दुपारभराचं काम होतं. एवढी वर्षं ते टाइपिंग मुळात लागतच नव्हतं. मुंग्या एकदम गेल्या नाहीत, पण रात्री उठून बसणं थांबलं.

दर वीस मिनिटांनी उठा, लांब बघा, पाणी प्या, असं सांगणारे अ‍ॅप लोक टाकतात आणि प्रोजेक्टच्या डिलिव्हरीच्या आठवड्यात बंद करतात. बटणात काडी खोचणं यालाच म्हणायचं, आणि कारणही तेच, आकडा. अप्पांच्या कारखान्याला निदान १९४८ चा कारखाने कायदा होता: सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुटी, दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, हजार कामगार असतील तर सेफ्टी ऑफिसर. दर ४ मार्चला ते छातीला हिरवा-पांढरा बिल्ला लावून शपथ घ्यायचे. १९६६ मध्ये त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून तो सुरक्षा दिन. आमच्याकडे ४ मार्च येतो नि जातो. ८ मार्चला कपकेक असतात.

अप्पांची आणखी एक पद्धत मी उचलली. त्यांच्या शॉपमध्ये जे घडता घडता राहिलं त्याचीही नोंद व्हायची. पाना वरून पडला, पण कुणाला लागला नाही, तरी लिहायचं. मी पँट्रीत एक शंभर पानी वही टांगली, वर लिहिलं: 'वाचलो!' नावं लिहायची नाहीत. सुरुवातीला त्यात विनोदच आले, बॉस वगैरे. नंतर कामाचं येऊ लागलं. 'दुसऱ्या मजल्याच्या जिन्याचा दिवा गेलाय, शेवटची पायरी दिसत नाही.' 'मीटिंग रूमचं काचेचं दार उघडं आहे की बंद, कळत नाही.' (त्यावर डोळ्यांच्या उंचीला पट्ट्या चिकटवल्या.) 'किटलीची वायर लोंबतीय.' आणि एक दिवस, वळणदार पण अडखळत्या अक्षरात: 'पाण्याचा जार लई जड.'

ते हाउसकीपिंगच्या मावशींचं अक्षर. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो पाणीच, वर जारचं वजन. तो जमिनीवरून उचलायचा, छातीपर्यंत न्यायचा, तिथं उलटा करायचा आणि न सांडता डिस्पेन्सरच्या तोंडावर बसवायचा. मावशी स्वतः जेमतेम पंचेचाळीस किलोच्या. ओझं कसं उचलावं हे आम्ही त्यांना शिकवलेलं: गुडघ्यात वाका, ओझं अंगालगत धरा, वळायचं तर कमरेतून नको, पावलं वळवा. सगळं बरोबर, आणि जारच्या बाबतीत सगळं निरुपयोगी, कारण उचलून झाल्यावर तो हवेत उलटाच करावा लागतो. मावशींची कंबर माझ्या कुठल्याच रजिस्टरात नव्हती. त्या एजन्सीच्या. त्यांनी रजा घेतली की एजन्सी दुसरी बाई पाठवते, म्हणून आमच्याकडे दुखापतीची नोंद शून्य. खुर्च्यांवर लाखो रुपये, आणि ऑफिसातलं सगळ्यात जड ओझं ज्या बाईच्या अंगावर, तिच्यासाठी ओझं कसं उचलावं याचं एक भित्तिपत्रक.

आता ओट्याखाली नळाला जोडलेलं फिल्टरचं मशीन आहे. अकाउंट्सने टिपणी लिहिली होती की जार स्वस्त पडतो. पडतोच. उचलणारीचा खर्च दुसऱ्याच्या वहीत असला की बऱ्याच गोष्टी स्वस्त पडतात.

वहीतल्या ज्या नोंदीवर सध्या माझं काम चालू आहे ती गेटवरच्या वॉचमन काकांची आहे. ती त्यांनी लिहिलेली नाही, कुणीतरी त्यांच्याविषयी लिहिली आहे: 'काकांचे पाय सुजतात.' बारा तासांची ड्यूटी, बहुतेक उभ्याने. बसून बसून कंबर जाणाऱ्यांच्या इमारतीत उभं राहून राहून पाय जाणारा माणूस. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून आवाज उठवला. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने. लक्ष्मी रोडवर जुन्या दुकानांच्या गाद्यांवर साड्या दाखवणारे बसूनच दाखवतात, आणि त्याने विक्री कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

मी काकांसाठी उंच स्टूल आणलं, पाठ टेकायला पट्टी आणि पाय ठेवायला दांडी असलेलं. अर्धं बसता येईल, गाडी आली की झटकन उतरता येईल. आठवडा झाला तरी स्टूल कोरं करकरीत. विचारलं तर काका म्हणाले, "ताई, बसलेलं दिसलं की आमचा साहेब दंड लावतो." एजन्सीशी आमचा जो करार आहे तो उघडून पाहिला. त्यात खरंच कलम आहे, ड्यूटीवर बसण्यास मनाई, आणि ते एजन्सीने नाही, आमच्याच बाजूने घातलेलं. व्हिजिटर येतात म्हणून.

करार मार्चअखेर संपतो. ते कलम काढून त्या जागी 'आसन पुरवणे बंधनकारक' असं वाक्य घातलेला मसुदा मी लीगलला पाठवलाय. त्यांचं उत्तर आलं की गेटवर 'येथे सुरक्षारक्षकास बसण्याची मुभा आहे' अशी पाटी लावली तर चालेल का. मी नाही म्हणून कळवलंय.